पूर्णवेळ हजर

पद्माकर देवस्थळी जहाजावरून निवृत्त झाले आणि सिंगापूरच्या एका कुत्र्यांच्या क्लबात फुकट राबू लागले. तीस वर्षं इंजिनरूम सांभाळलेल्या माणसाने क्लेमेंटीच्या कोंडोतल्या फ्लॅटमध्ये स्वस्थ बसणं शक्यच नव्हतं. मी त्याच क्लबात पगारी नोकर, अर्ज तपासणारी. त्यामुळे देवस्थळीकाकांचा जाच माझ्याइतका कुणी सोसला नसेल.

शुद्ध जातीच्या पिल्लांची नोंद करायची तर आईबाप दोघंही नोंदलेले हवेत, त्यांच्या कातडीखालच्या चिपचे नंबर जुळायला हवेत आणि दोघांची भेट क्लबच्या साक्षीदारासमोर व्हायला हवी. हे साक्षीदार म्हणजे काका. फॉर्मच्या शेवटी 'पूर्णवेळ हजर होतो' असं लिहून ते सही करत. एकदा एका बाईंनी चिपच्या नंबरातला एक आकडा चुकवला, तर काकांनी अर्ज परत पाठवला आणि वर मलाच सुनावलं, "उत्कर्षा, तापमान न बघता लॉगबुकात लिहिणाऱ्यांना मी बोटीवरून उतरवलंय." त्या बाई रडल्या. मला काकांचा मनापासून राग आला होता.

अनघा लिमये त्यांच्या घरोब्यातली. बुकित तिमाच्या बाजूला अंगणाचं घर, एक बीगल कुत्री, आणि तिची रीतसर नोंदलेली पिल्लं व्हावीत ही पाच वर्षांची हौस. कुत्री माजावर आली ती नेमकी गणपतीत. तिला कुठलं पंचांग? ठरवलेला नर आणला, काका वही घेऊन अंगणात बसले. सगळं जुळलं, आणि नराला गाडीत घालून त्याचा मालक गेला. कुत्रीला खोलीत बंद करेपर्यंत साक्षीदाराने हलायचं नाही, असा नियम. तेवढ्यात आतून अनघाने हाक मारली, "काका, आरती खोळंबलीय. झांजा तुमच्याकडेच आहेत!"

आमच्या लोकांत ही हाक कुणाला मोडवत नाही. काका आत गेले. पाच आरत्या झाल्या, प्रसाद झाला. पाहुण्यांच्या येण्याजाण्यात फाटक उघडंच राहिलं होतं. काका बाहेर आले तेव्हा कुत्री एकटीच अंगणात निवांत बसली होती. त्यांनी तिला खोलीत नेऊन कडी लावली, नेहमीची ओळ लिहिली आणि सही केली.

पाच पिल्लं झाली. क्लबच्या नियमाप्रमाणे त्यांच्या गालातून काडी फिरवून डीएनएचे नमुने घेतले, ते तपासून आले. तिघांचा बाप ठरवलेला तोच, दोघांचा भलताच कुणी; कुत्र्यांत एका वेतात दोन बाप होऊ शकतात. समितीने सरळ हिशेब मांडला: साक्षीदार पूर्णवेळ हजर होता, म्हणजे अनघाने नंतर लपूनछपून दुसरा नर आणला. पाचही पिल्लांची नोंद थांबली आणि अनघाला क्लबातून कायमचं काढायचा ठराव आला.

"तू सांग ना त्यांना, काका आरतीला आत होते म्हणून," त्या दिवशीची हकीकत तिने फोनवर सांगितली तेव्हा मी म्हटलं.

"कसं सांगू गं? हाक मीच मारली होती. आणि वडिलांच्या जागी आहेत ते."

मीही गप्प बसले. खरं सांगायचं तर काका काय करतात, ते मला बघायचं होतं.

समितीच्या बैठकीत ठराव मताला टाकायच्या आधी काका उठले. त्यांना कुणी काही विचारलेलंसुद्धा नव्हतं. "पस्तीस मिनिटं मी आत झांजा वाजवत होतो," ते म्हणाले. "फॉर्मवर लिहिलंय ते खोटं आहे. या मुलीचा काही दोष नाही." एवढं बोलून त्यांनी क्लबचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला.

अनघावरचा ठराव मागे घेतला. तीन पिल्लांना कागद मिळाले, दोघांना नाही. काकांनी आजवर सही केलेले सगळे अर्ज पुन्हा तपासायचं काम माझ्याकडे आलं. मला वाटलं होतं, मजा येईल. तीन आठवडे एकेका मालकाला फोन करून विचारत बसले. एकही चूक सापडली नाही, आणि मला फार वाईट वाटलं.

बिनकागदाच्या दोघांतलं एक पिल्लू आता काकांकडे आहे. कान बीगलचे, पाय कुणाचे ते देवाला ठाऊक. परवा त्यांच्याकडे गेले होते, तर खाली बागेत शेजारचे निशिकांत त्यांना विचारत होते, "काका, तुमच्याकडचं म्हणजे एकदम शुद्ध जातीचं असणार. आईबाप कोण?"

"आई माहीत आहे," काका म्हणाले. "बापाच्या वेळी मी आरतीला होतो."