पहिली बाटली

सोड्याची नवी खेप भरली, की आमच्या थोरल्या जाऊबाई पहिली बाटली ओल्या गोणपाटात गुंडाळून परसात न्यायच्या. भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून अंगठ्याने बाटलीच्या गळ्यातली गोळी दाबायच्या. फस्स आवाज येईपर्यंत माझा जीव टांगणीला. जवळ गेले तर ओरडायच्या, "सर पलीकडं! काचंला नातं कळत न्हाई."

पूर्णा स्टेशनमागे सासऱ्यांचा गोळी सोड्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक खोली, हाताने फिरवायचं मशीन आणि आम्ही घरचीच माणसं. विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या दिवसांत बाजार कधी बंद होईल सांगता येत नसे. त्यात स्टेशनवर कंपन्यांची रंगीत पेयं आली आणि आमच्या भरलेल्या बाटल्या तशाच परत येऊ लागल्या. सगळे मामंजींकडे बघायचे, मामंजी छताकडे. जाऊबाईंनी मात्र जिरं, काळं मीठ आणि लिंबं काढली.

"लोकायला आता चव पायजे, मामा. नुसत्या गॅसवर किती दिस चालायचं?"

पहिल्याच दिवशी घात झाला. मसाला कोरडाच टाकला होता. फेस उसळून गॅस निसटला, म्हणून मशीन फिरवणाऱ्या थोरल्या भाऊजींनी तो वाढवला आणि बाटली फुटली. काच जाऊबाईंच्या मनगटात घुसली. मामंजी पांढरेफटक पडले. "गिऱ्हाइकाच्या हातात फुटली असती तर? बापजाद्याचं नाव जाईल. बंद करा हे."

जाऊबाईंनी बंद केलं नाही. मसाला उकळून, फडक्यातून गाळून त्याचा अर्क केला आणि तो आधी बाटलीत घालून मग गॅस भरायला लावला. फुटते का बघायला पहिली बाटली स्वतःच उघडायच्या. "भ्या वाटायलंय गं," म्हणायच्या, "पण मला वाटलेलं बरं. गिऱ्हाइकाला नको."

अखेर स्टेशनवर पाठवायची खेप तयार झाली. जाऊबाई परसात गेल्या, तसे मामंजी मागून आले आणि त्यांनी हातातली बाटली काढून घेतली.

"मामा, द्या इकडं! फुटंल!"

"नाव माझं हाय न्हवं? मंग हात बी माझाच."

फस्स! मामंजी अर्धी बाटली प्याले आणि म्हणाले, "मीठ कमी पडायलंय, सूनबाई."

जाऊबाई मटकन खाली बसून रडल्या. मलाही आवरलं नाही.

मग पहिली बाटली कुणी उघडायची यावरून सासरा-सुनेचं रोजचं भांडण सुरू झालं. मामंजी वारल्यावर कारखाना पुन्हा उघडला, त्या दिवशी जाऊबाई एकट्याच परसात गेल्या. गोळी दाबली आणि न पिता बाटली भिंतीपाशी ठेवली.

"मामाची हाय," म्हणाल्या. "मीठ जास्त घातलंय."