चौथ्या खिडकीची जीभ

म्हैसूरमध्ये चांगली कॉफी कुठे मिळते हे सांगणारी माणसं पैशाला पासरी. पण वाईट कॉफी नेमकी कशानं वाईट झाली हे सांगणारा माणूस एकच, श्रीनिवासराव. एक घोट घेऊन ते डोळे मिटणार, जीभ टाळूला लावणार आणि हॉटेलवाल्याला विचारणार, "हालु कालचं आहे, अल्वा?" हालु म्हणजे दूध, आणि अल्वा म्हणजे आपलं 'हो ना'. ते हे इतक्या मायेनं विचारत की हॉटेलवाला गल्ल्यावरून उठून कबुली देऊन टाकी.

ही जीभ वडिलोपार्जित, असं त्यांचं म्हणणं. घराणं मूळचं कापड रंगवणाऱ्यांचं. पणजोबा निळीच्या रांजणातलं पाणी जिभेच्या टोकावर घेऊन रंग लागला की नाही ते सांगत, म्हणे. पुढे रंगाचा धंदा गेला, रांजण अंगणात उलटे पडले आणि त्यावर मांजरं झोपू लागली. जीभ तेवढी राहिली. श्रीनिवासराव गावाबाहेर, कडकोळच्या एका कंपनीत स्टोअरकीपर म्हणून लागले. दुधाच्या पावडरी करणारी कंपनी. तिथे एकदा चव घेणारा माणूस आजारी पडला म्हणून यांना बसवलं, आणि त्या दिवसापासून ती खुर्ची यांची झाली. अडुसष्ट वर्षांचे झाले, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी मंगळवार-शुक्रवार कंपनीची व्हॅन त्यांना न्यायला येते.

खुर्ची म्हणजे काय, तर एक अरुंद खण. समोर छोटी खिडकी. खिडकीतून तीन-तीन कप येतात, त्यांवर नाव नाही, नुसता आकडा. रंगावरून ओळखता येऊ नये म्हणून दिवा लाल. दोन कप सारखे, एक वेगळा; वेगळा कुठला आणि तो किती कडू, दहापैकी आकडा लिहा. मग कोमट पाण्यानं चूळ, दोन कुरमुरे, पुढचे तीन कप. श्रीनिवासरावांची खिडकी चौथी.

कडूच का, तर ते मृण्मयीनं सांगितलं होतं. मृण्मयी ही तिथली शास्त्रज्ञ, सांगलीकडची, नोकरीसाठी इकडे आलेली आणि विजयनगर भागात राहणारी. ती म्हणाली, "काका, दुधातलं प्रथिन म्हणजे एक लांबच लांब साखळी. एन्झाइमनं आपण तिचे बारीक तुकडे करतो. त्यांना पेप्टाइड म्हणायचं. दही लागतं तेव्हाही थोडं असंच होतं. यातले काही तुकडे रक्तवाहिन्या आवळणाऱ्या गोष्टीच्या आड येतात, म्हणून बी.पी.ला थोडी मदत होऊ शकते. पण मेले चवीला कडू असतात."

"कळलं," श्रीनिवासराव म्हणाले. "सगळा तागा अंगावर घेता येत नाही. कापलं की ब्लाउजपीस."

मृण्मयीला ही उपमा इतकी आवडली की तिनं ती मोठ्या साहेबांच्या मीटिंगमध्ये वापरली. श्रीनिवासरावांनी ही गोष्ट गल्लीत निदान चाळीस जणांना सांगितली.

नियम असा की चव घेतली की घोट कागदी पेल्यात थुंकायचा. श्रीनिवासराव थुंकत नसत. ताटातलं शीत न टाकणाऱ्या घरात वाढलेला माणूस. तोंडात घेतलेलं दूध थुंकणं त्यांच्यानं होईना. वीस वर्षं त्यांनी गपचूप सगळं गिळलं. दुधाचं, अंड्यातल्या पांढऱ्या भागाचं, आणि माशाच्या कातडीचं आलं तेव्हा तेसुद्धा. त्या दिवशी एकादशी होती हे त्यांना व्हॅनमध्ये आठवलं, आणि घरी आल्यावर ते मूग गिळून बसले.

घरी गंगाबाई. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झालेली. ओळखीच्या बायका तिला विचारत, "एवढ्या जिभेच्या माणसाला रांधून घालायचं म्हणजे भीती नाही वाटत गं?" गंगाबाई हसे. "कसली भीती? टीव्हीवर बातम्या चालू असल्या की पेपराला फोडणी देऊन वाढला तरी जेवतील." आणि ते खरंच होतं. बाहेर प्रत्येक वडीला आकडा देणारे श्रीनिवासराव घरात पाटावर बसले की नजर टीव्हीकडे, हात ताटाकडे. कधी नावं ठेवली नाहीत. कधी वाखाणलंही नाही.

मागच्या वर्षी डॉक्टरांनी त्यांना बी.पी.ची गोळी लावली. श्रीनिवासरावांनी डब्यातली चिठ्ठी काढली, भिंगातून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, आणि तिथे बारीक अक्षरात ते वाक्य सापडलं: क्वचित तोंडाची चव बदलते. दुसऱ्या कुणी ते वाचून सोडून दिलं असतं. यांच्या पायाखालची जमीन सरकली. चव गेली तर चौथी खिडकी गेली, आणि चौथी खिडकी गेली की मंगळवारी-शुक्रवारी सकाळी दाढी कशासाठी करायची? त्यातून दर वर्षी जिभेची परीक्षा असते. त्यात चुकला की खुर्ची दुसऱ्याला.

मग त्यांनी ठरवलं, गोळी बंद. आपण आठवड्यातून दोनदा पेप्टाइड गिळतोच आहोत, तेच बी.पी. बघून घेईल. कुणाला सांगायची गरज नाही. रोज सकाळी नाश्त्यानंतर गोळी पाकिटातून काढायची, पाण्याचा पेला घेऊन परसात जायचं, आणि कढीपत्त्याच्या कुंडीत बोटानं खळगा करून पुरायची.

चौथ्या दिवशी गंगाबाई फोडणीला पानं तोडायला गेली, तर मातीत पांढरे ठिपके. तिनं एक उचलून पाहिला. ओरडली नाही. नवऱ्याशी वाद घातला तर तो दोन दिवस चालतो आणि शेवटी तो स्वतःच्याच मनासारखं करतो, हे तिला चव्वेचाळीस वर्षांत पाठ झालं होतं. ती सरळ औषधाच्या दुकानात गेली, डॉक्टरांची जुनी चिठ्ठी दाखवून दुसरं पाकीट घेतलं आणि विचारलं, "हे कुटून दिलं तर चालतं का?" तो म्हणाला, "ही गोळी चालते, अम्मा." त्या दिवसापासून एक गोळी कढीपत्त्याला आणि एक नवऱ्याला. नवऱ्याची खलबत्त्यात कुटून, दुपारच्या ताकातून.

महिन्यानं कंपनीच्या नर्सनं पट्टा बांधला. एकशे तीस, ऐंशी. पुढच्या महिन्यात एकशे अठ्ठावीस. श्रीनिवासरावांना आकाश ठेंगणं झालं. मृण्मयीला मात्र ते काही बोलले नाहीत, कारण मग थुंकण्याचा विषय निघाला असता. पण गल्लीला कसला नियम? त्यांनी कट्ट्यावर बसून व्याख्यानं सुरू केली. दूध, दही, साखळी, तागा, ब्लाउजपीस. औषधाच्या कंपन्या आपल्याला सुम्ने घाबरवतात, म्हणजे उगाचच घाबरवतात, असा समारोप.

ऐकणाऱ्यांत कृष्णमूर्ती होते. शेजारी, पोस्टातून निवृत्त, सरळ माणूस. लिहिलेल्या पत्त्यावर विश्वास ठेवायची आयुष्यभराची सवय. तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी ते दोन लिटर दही घेऊन दारात उभे राहिले आणि आपल्या कन्नडमिश्रित मराठीत म्हणाले, "राव, उद्यापासून मीपण मात्रे बंद. दोन्ही गोळ्या. फक्त दही."

गंगाबाई आतून हात पुसत आली. कृष्णमूर्तींना चार वर्षांपूर्वी एका बाजूनं लकवा मारून गेला होता. तेव्हा पंधरा दिवस तिनंच त्यांच्या घरी डबा पोचवला होता.

"बसा, कृष्णमूर्ती," ती म्हणाली. "ते दही इकडे द्या. आणि गोळ्या बंद करायच्या नाहीत. ह्यांच्याही बंद नाहीत."

"माझ्या बंद आहेत!" श्रीनिवासराव म्हणाले. म्हणून झाल्यावर जीभ चावली.

"कढीपत्त्याच्या चालू आहेत, आणि तुमच्याही चालू आहेत," गंगाबाई म्हणाली. "तीन महिने रोज ताकात कुटून घालते आहे मी. खलबत्ता आणून दाखवू?"

कृष्णमूर्ती दही तिथेच ठेवून घरी गेले. त्यांनी गोळ्या घेतल्या की नाही हे बघायला गंगाबाई मागोमाग गेली. श्रीनिवासराव एकटे खुर्चीत बसले. पेप्टाइडचा सिद्धांत गेला, त्याचं त्यांना फार वाटलं नाही. पण तीन महिने! रोज एक अख्खी कडू गोळी त्यांच्या जिभेवरून गेली आणि चौथ्या खिडकीच्या जिभेला पत्ता लागला नाही. ज्या भीतीनं गोळी पुरली ती भीती खरी ठरली होती. जीभ मेली होती. आणि परीक्षा उद्यावर आलेली.

त्या संध्याकाळी ते पणजोबांच्या रांजणाकडे बघत बसले होते, आणि त्यांना खरंच रडू येत होतं.

सकाळी दाढी करून ते व्हॅनमध्ये बसले, ते खुर्ची सोडायला. मृण्मयीच्या टेबलापाशी उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं: गिळणं, कुंडी, कृष्णमूर्ती, ताक. मृण्मयी आधी चिडली. "काका, तुम्ही गिळत होता ते चमचाभर! पुरेसं पोटात गेलं तरी काही लोकांचं बी.पी. दोन-चारनं उतरतं, इतकंच. ते अन्न आहे, औषध नाही. आणि काकूंनीसुद्धा न सांगता औषध द्यायला नको होतं."

"मी न सांगता बंद केलं होतं," श्रीनिवासराव पडेल आवाजात म्हणाले. "फिट्टंफाट झाली. माझं नाव काढून टाका, मॅडम."

"नाव परीक्षेनंतर काढू. बसा."

ते चौथ्या खिडकीशी बसले. लाल दिवा लागला. सहा कप कडू पाण्याचे, नुसत्या शंकेपासून ते तोंड वाकडं होईपर्यंत, कमीजास्त क्रमानं लावायचे. मग तीन-तीनचे पाच संच. श्रीनिवासरावांनी डोळे मिटले. एकही घोट गिळला नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते थुंकले, प्रत्येक वेळी मनातल्या मनात क्षमा मागून.

मृण्मयी कागद घेऊन आली आणि त्यांच्यासमोर ठेवला. सगळं बरोबर. एकही चूक नाही. मागच्या वर्षी एक होती.

"तीन महिने गोळी चालू आहे आणि जीभ अशी," ती म्हणाली. "म्हणजे गोळीनं तुमचं काही बिघडलेलं नाही. आता डॉक्टरांकडे जा, सगळं सांगा, आणि नीट घ्या."

"मग ताकातली कशी कळली नाही?"

"घरी जेवताना काय करता तुम्ही?"

"बातम्या बघतो."

मृण्मयीला हसू आलं होतं, पण म्हाताऱ्याचा चेहरा बघून तिनं ते आवरलं.

परतीच्या व्हॅनमध्ये श्रीनिवासराव नेहमी ड्रायव्हरशी गप्पा मारत. त्या दिवशी नंजनगूड रस्ता संपेपर्यंत ते काल दुपारी पानात काय होतं ते आठवत बसले.

घरी आल्यावर त्यांनी टीव्हीचा रिमोट कपाटावर ठेवला, पार मागे, हात पुरणार नाही असा. कोमट पाणी मागून चूळ भरली. गंगाबाई संशयानं बघत होती. तिनं ताकाचा पेला पुढे केला आणि दुसऱ्या हातानं गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. "आजपासून उघड. ताकात काही नाही."

त्यांनी गोळी बाजूला ठेवली आणि पेला नाकाशी नेला. एक घोट घेतला. डोळे मिटले, जीभ टाळूला लावली, थांबले.

"कडू दहापैकी दोन," ते म्हणाले. "गोळी घातलीस तू."

"अय्यो, गोळी तुमच्या समोर आहे की."

"मग हे कडू कशाचं?"

"मेथी आहे ती. चार दाणे. आणि हिंग तुपात भाजून."

श्रीनिवासरावांनी पेल्यात पाहिलं. मेथीत गोळी लपली असेल असं म्हणायची सोय होती. पण ताकात मेथी असते हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

"कधीपासून घालतेस?"

"लग्नानंतर दुसऱ्या महिन्यापासून." गंगाबाई ओट्याकडे वळली आणि फडक्यानं काहीच नसलेली जागा पुसू लागली. "तुमच्या आईंनी सांगितलं होतं. म्हणाल्या, ह्याची जीभ फार बारीक आहे, ताक जपून कर, त्याला लगेच कळेल."

श्रीनिवासरावांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी त्या ताकाच्याच घोटाबरोबर गोळी गिळली. मग उरलेलं ताक एकेक घोट घेत, मध्ये थांबत, संपवलं. गंगाबाई पाठमोरीच होती.

"किती मार्क?" तिनं विचारलं.

त्यांनी रिकामा पेला पुढे केला. "आणखी घाल," ते म्हणाले. "आज पहिलाच दिवस आहे माझा."