दारातला ढग

गेले अकरा दिवस दुपारी चारच्या सुमारास ढग डोंगर उतरून थेट आमच्या ओटीवर येतो. मीठ ओलं होतं, दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, पण थेंब पडत नाही. दूरच्या ढगाची वाट पाहता येते. दारात आलेल्याचं काय करायचं?

विहीर आटली आहे. अंगणातल्या टाकीत मी रोज काठी बुडवून पाणी मोजतो. आज चार बोटं भरलं.

"मोजून वाढतं का हो ते?" बायकोने विचारलं.

"वाढत नाही. किती दिवस पुरेल ते कळतं."

"मग किती?"

दोनच दिवस. तरी मी म्हणालो, "पाच-सहा."

मोजलेलं मी कधी खोटं सांगितलं नव्हतं. तिने निर्धास्तपणे गाभण म्हशीची बादली काठोकाठ भरली, आणि मला तिला थांबवता आलं नाही.