वाढत्या अंगाचे फ्रॉक

झरी गावची मावशी फ्रॉक शिवायची ते वाढत्या अंगाचे. खाली चार बोटं मुडप, हाताच्या कच्च्या टाक्यांनी धरलेली. बगलेतही दोन बोटं कापड राखलेलं. पोर वाढली की आईने टाके उसवायचे, फ्रॉक आणखी एक-दोन वर्षं निघतो. माझी आई तलासरीच्या शाळेत शिकवते, तिथली ही ओळख. लहानपणीचे माझे सगळे फ्रॉक मावशीनेच शिवले.

कॉलेज संपवून मी डहाणूला घरी बसले होते. मावशी तेव्हा सीमेपलीकडे गुजरातमधल्या एका कारखान्यात पॅकिंगला जायची, पहाटेच्या टेंपोतून, उभ्याने. तिचे फ्रॉक ऑनलाइन विकू, हे मीच सुचवलं. ऑर्डरी येऊ लागल्या तसं तिने कारखाना सोडला. "आता राणीसारखी ओटीवर बसून शिवते," म्हणाली. खातं माझ्या नावावर, पत्ता आमचा, इंग्रजीही माझंच. माणसांशी बोलायला मला जड जातं. स्क्रीनशी बोलणं जमतं.

दर रविवारी मी नवे फ्रॉक आणायला झरीला जायचे. मशीन न थांबवता ती विचारायची, "काय बोलतात गं बाय लोक?" मी फोनवरचे अभिप्राय मराठीत सांगायचे. सुरुवातीला ते खरंच चांगले होते.

मग एकच तारा दिलेला अभिप्राय आला. फार ढगळ, आत कापड कोंबलंय, टाके कच्चे, मुलीला वाढदिवसाला घालता आला नाही. त्या रविवारी मावशीने नेहमीसारखंच विचारलं. मी म्हटलं, "रंग आवडला म्हणतात." रंगाबद्दल कोणी एक अक्षरही लिहिलं नव्हतं.

पुढचं खोटं बोलणं सोपं गेलं. परत आलेली पाकिटं मी माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात सरकवत राहिले. तारे उतरत गेले, तसे आमचे फ्रॉक शोधणाऱ्यांना दिसेनासे झाले. एके दिवशी खातं बंद केल्याचा निरोप आला. मावशीला मी सांगितलं, सध्या मंदी आहे.

दोरे घ्यायला ती डहाणूच्या बाजारात आली आणि घटकाभर आमच्याकडे टेकली. तिच्या पाठीला उशी द्यावी म्हणून आईने माझं कपाट उघडलं. पाकिटं बाहेर घसरली. मावशीने एक फोडलं. स्वतःचा फ्रॉक ओळखायला तिला वेळ लागला नाही.

"वाच," ती म्हणाली. "लिहिलंय तसं वाच."

मी सगळं वाचलं, एकेक वाक्य मराठीत करत. आई दारात उभी होती.

"शहरातली पोरं वाढत नाहीत काय?" मावशी जराशी हसली. मग तिने फ्रॉक उलटा करून मुडपीवर बोटं ठेवली. "इथे दोन बोटं राखली असती. वरून मशीन मारली असती. एका दुपारचं काम होतं, बाय. सांगायचं ना."

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं. मग?"

दुसरं खातं उघडू, असं मी पुटपुटले. ती म्हणाली, कारखान्याच्या टेंपोवाल्याला उद्याच सांगते, जागा असेल तर बरं.

जागा होती. दोन रविवारांनी मी झरीला गेले, माफी मागायचं ठरवून. ती उंबऱ्यात पाय चोळत बसली होती. मला पाणी दिलं, आईची चौकशी केली. माफीचा शब्द माझ्या तोंडून निघालाच नाही. मी उठले तेव्हा तिने विचारलं, "एक सांग. शिलाई माझी खरंच चांगली आहे का?"

"हो," मी म्हटलं. ते खरं होतं.

तिने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग म्हणाली, "बरं," आणि रिकामा पेला उचलून आत गेली.