पहिल्या मिनिटाचं पाणी

गंगापूरकडच्या आमच्या गावात विहिरीचं पाणी कुणी तपासत नसे. गोड आहे का मचूळ, एवढंच बघायचे. म्हणून बी.एस्सी. होऊन मी शहराच्या पाणीपुरवठ्यात लागलो तेव्हा वडिलांनी विचारलं, "पाण्यात काय तपासायचं असतं रं?"

काम तसं सोपं होतं. काचेच्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं म्हणजे त्यात क्लोरिन शिल्लक आहे, पाणी पिण्याजोगं आहे. रंग आला नाही तर धोका. वहीत नोंद करायची आणि सायकलवर टांग मारून पुढची गल्ली.

माझ्या भागाचे लाईनमन, म्हणजे चावी फिरवून गल्लोगल्ली पाणी सोडणारे, वडिलांच्या वयाचे होते. पोलीस ॲक्शननंतर दोन-तीन वर्षांतच ते नोकरीला लागलेले. जमिनीखाली कुठला पाईप कुठून गेला आहे, ते ऑफिसातल्या नकाशापेक्षा त्यांना जास्त ठाऊक. मी त्यांना चाचा म्हणायचो, ते मला बाबू. माझ्याशी मराठी बोलायचे, मोहल्ल्यात दखनी.

जुन्या शहरात एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घर होतं. त्या गल्लीचं पाणी मी त्यांच्याच नळावर तपासायचो. खरं कारण सांगायचं तर तिथं चहा मिळायचा. गल्लीच्या शेवटापर्यंत सायकल जात नसे, आणि पाईप तर एकच. इथलं पाणी चांगलं तर तिथलंही चांगलंच, असं मी धरून चाललो होतो.

गल्लीच्या टोकाला शिवणकाम करणाऱ्या एक बाई राहायच्या. त्यांनी मला दोनदा अडवलं होतं. "साब, पानी बास मारता." दोन्ही वेळा मी चाचांच्या नळावरची पिवळी नळी त्यांना दाखवली. "हे बघा बाई, पाणी शुद्ध आहे. तो औषधाचा वास असेल." दुसऱ्या वेळी त्या काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, पटलं.

महिन्याभरात गल्लीच्या टोकाकडच्या घरांतून कावीळ निघाली. सहा माणसं. त्यांत त्या बाईंच्या शेजारची सून होती, सात महिन्यांची गरोदर. साहेबांनी मला धाडलं. या वेळी मी टोकापर्यंत गेलो. बाईंच्या नळाचं पाणी घेतलं, थेंब टाकले. पाणी पिवळंधमक. मी सुटकेचा श्वास सोडला, तो त्यांनी ऐकला असावा.

"तुम आते सो वक्त पानी अच्छाच रहता," त्या म्हणाल्या. "शुरू का देखे क्या कभी?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. पाणी आल्यावर पहिल्या दोन बादल्या त्या अंगण धुवायला वापरत, कारण त्या पाण्याला वास यायचा. शेजारच्या घरात मात्र पहिलंच पाणी पिण्यासाठी भरून ठेवत. कारण नंतर गल्लीत अलीकडं राहणाऱ्यांचे पाणी ओढणारे पंप चालू झाले की टोकाकडं धार करंगळीएवढी व्हायची.

पाणी एक दिवसाआड यायचं. पुढच्या पाळीला मी आधीच जाऊन नळापाशी उकिडवा बसलो. नळ खोकला, हवा आली, मग पाणी. दिसायला स्वच्छ. थेंब टाकले आणि नळी हलवत राहिलो. रंग आला नाही. दहा मिनिटांनी फिकट पिवळा आला, मग नेहमीसारखा.

चावी फिरवून चाचा आले. मी पहिली नळी त्यांच्यापुढं धरली. ती बघून ते शेजारच्या पायरीवर बसले. मग उठले आणि नकाशा न बघता गल्लीतल्या मधल्या एका घरापुढची गटार दाखवली.

"इथं खोदा."

"इथंच कशावरून?"

"इथला जोड मी केला होता. लग्नघर होतं, पाणी पाहिजे म्हणून घाई. वळवायला तुकडा नव्हता, तर पाईप गटारीतूनच नेला. म्हटलं, नंतर नीट करू. ते 'नंतर' कधी आलंच नाही, बाबू."

कुदळ त्यांनी स्वतःच घेतली. गटारीखालचा पाईप कुजून चाळणीसारखा झाला होता. पाणी बंद झालं की पाईप रिकामा व्हायचा आणि गटारीचं पाणी आत ओढून घ्यायचा. पुढच्या पाळीला चांगल्या पाण्याच्या आधी तेच टोकाच्या घरांत पोचायचं. संध्याकाळपर्यंत नवा पाईप गटारीपासून लांबून टाकून झाला.

चार दिवसांनी दवाखान्यातून कळलं, सून वाचली, मूल नाही वाचलं.

चाचा म्हणाले, "मी तिच्या सासऱ्याला भेटून येतो."

मी त्यांना अडवलं. "पाईप जुना होता असं अहवालात गेलंय. कुणी काही विचारणार नाही."

"अहवाल ऑफिसात आहे. मी गल्लीत राहतो."

मीही सोबत गेलो. सासरे फळांचा गाडा लावायचे. त्या दिवशी गाडा दारातच उभा होता. चाचा उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि म्हणाले, "भाई, वो जोड मेरे हाथ का था." मला वाटलं होतं, आपण नुसतं सोबत उभं राहायचं. पण गप्प राहवेना. मी म्हणालो, "आणि तपासायचं काम माझं होतं. मी इथपर्यंत कधी आलोच नाही."

त्यांनी आधी चाचांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"अब पीना के नहीं पीना, इत्ता बताव."

"पंधरा दिवस उकळून प्या," मी म्हणालो.

"ठीक है. जाव."

त्यानंतर कित्येक महिने गल्लीतली निम्मी माणसं चाचांशी बोलत नव्हती. त्यांनी कुणाची समजूत घातली नाही. निवृत्त होईपर्यंत जुन्या भागातले गटारीतून गेलेले जोड ते आठवून आठवून सांगत राहिले, स्वतःचे आणि दुसऱ्यांनी केलेलेही. साहेब वैतागायचे. पण एकेक करत बरेच बदलले गेले. मीही वहीत हातानं एक रकाना वाढवला: पाणी आल्याबरोबर. नव्यानं लागलेल्या पोरांना तो कटकटीचा वाटायचा, कारण त्यासाठी पाण्याच्या आधी जाऊन बसावं लागतं.

त्या घराच्या नळावर मी पुढं वर्षभर प्रत्येक पाळीला जात राहिलो. सून घरी आली होती, हळूहळू कामाला लागली होती. मी नळी हलवत असेपर्यंत रिकामा हंडा कमरेवर धरून बाजूला उभी राहायची. मी "भरा" म्हटलं की भरायची.