व्याह्यांचं पिवळं बिऱ्हाड

आमच्या व्याह्यांइतका घरकोंबडा माणूस सबंध पेण तालुक्यात झाला नाही, आणि म्हातारपणी घर सोडून रस्त्याच्या कडेला गाडीत राहायला गेलेला माणूसही आमच्या नात्यागोत्यात तोच एक. माझी मुलगी त्यांच्या घरात द्यायचं ठरलं तेव्हा बोलणी करायला ते पेणहून आमच्याकडे रोह्याला आले, ते पिशवीत घरचं पाणी घेऊन. तसं रोहा त्यांना परकं नव्हतं. इथल्याच एका कंपनीत मेंटेनन्सला त्यांची नोकरी झाली. रोज रेल्वेने यायचे, शिफ्ट संपली की रेल्वेने जायचे. पण गावात मुक्काम असा कधी केला नाही. रात्रपाळीला ते मुक्कामात धरत नसत, कारण तिथे झोपायचं नसतं, असं ते गंभीरपणे सांगत. स्वतःच्या लग्नानंतर विहीणबाईंना माथेरान दाखवायला निघाले आणि नेरळहून परत फिरले, का, तर घराला कुलूप लावल्याचं आठवेना. पुढे मुलाच्या, म्हणजे माझ्या जावयाच्या लग्नाच्या आदल्या रात्री हा वरबाप हॉलवरून नाहीसा झाला. आम्ही सगळीकडे शोधतोय, आणि हे आपले पेणला स्वतःच्या गादीवर. सकाळी पहिल्या गाडीने आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "व्याही, राग मानू नका. दुसऱ्याच्या छपराखाली मला डोळाच लागत नाय."

अशा माणसाच्या बायकोलाच आपलं घर ओळखू येईनासं झालं. विहीणबाई निडीच्या. हसतमुख, कामाचा उरक मोठा, आणि माझ्या मुलीला सासर जाणवू दिलं नाही अशी बाई. आधी त्या नावं विसरू लागल्या, मग भाजीतलं मीठ, मग मुलगा. दिवेलागणीला पदर खोचून दारात उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "चला आता घरी. किती वेळ बसायचं लोकांकडं?" व्याही सुरुवातीला वाद घालत. हा बघ देव्हारा, हा तुझा पाटा-वरवंटा, हा तुझा पाळणा, अगो, हेच आपलं घर. त्या ऐकून घ्यायच्या आणि अगदी अदबीने म्हणायच्या, "असेल हो तुमचं. आमाला घरी जायला पायजे." एके दिवशी त्या खरंच निघाल्या. माहेर निडीला, म्हणजे रोह्याच्या अंगाला, आणि बाई बसल्या नेमक्या उलट्या दिशेच्या गाडीत. जिते स्टेशनच्या फलाटावर बाकड्यावर सापडल्या. बाबा घ्यायला येतायत, असं तिथल्या लोकांना सांगत होत्या. बाबांना जाऊन कितीतरी वर्षं झालेली. व्याही घ्यायला गेले तर परक्या माणसाला नाव सांगायचं नाही म्हणून परतीच्या वाटेवर त्यांनी नवऱ्याला आपलं नाव सांगितलं नाही.

जावई पुण्याहून येऊन म्हणाला, आता एखादी चांगली संस्था बघू. व्याह्यांनी तोंडावर फक्त नाय म्हटलं, पण माझ्याजवळ बोलले. "तिला घरी जायचंय नि मी तिला संस्थेत टाकू? मंग मी कशाला हाय?" त्यापुढचा त्यांचा विचार मात्र त्यांच्याच डोक्यातून येऊ शकतो. बाई बसल्या जागेवर घर ओळखत नाहीत. कुठून तरी कुठे तरी जाऊन पोचलं की ते घर, एवढंच त्यांना कळतं. तेव्हा घरच हललं पाहिजे. ज्या माणसाने नेरळच्या पुढे पाऊल टाकलं नाही, तो हे आमच्या ओटीवर बसून शांतपणे सांगत होता, आणि मी चहा थंड होऊ देत ऐकत होतो.

रोह्यात एका गॅरेजच्या मागे कुणा हौशी डॉक्टरने कधीकाळी बांधून घेतलेली छोटी घरगाडी पडून होती. आत समोरासमोर दोन बाकं, ती ओढली की पलंग होई. मागच्या दाराशी उजव्या हाताला शेगडी, शेजारी परातीएवढं बेसिन, टपावर पाण्याची टाकी. डॉक्टर गेले आणि गाडीत कोंबड्या राहायला आल्या. व्याह्यांनी ती घेतली तेव्हा कोंबड्या बाहेर निघायला तयार नव्हत्या, आणि मला त्यांचं म्हणणं पटत होतं. तळाचा पत्रा असा सडलेला की आत उभं राहून खालचं गवत दिसे. सेल्फ मारला तरी गाडी चालू व्हायची नाही, क्लच मध्येच रुसायचा, आणि टाकीचं पाणी बेसिनऐवजी पलंगावर यायचं. कंपनीत आयुष्यभर वाफेच्या पायपांशी झगडलेला हा माणूस पेणच्या अंगणात ओढून आणलेल्या त्या गाडीच्या पोटात शिरला तो पावसाळा संपेपर्यंत बाहेर आला नाही. विहीणबाई शेजारी खुर्चीवर बसून असत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "मिस्त्री चांगला हाय, पण जेवायला उठत नाय." शेवटी पत्रा झाला, पाणी बेसिनमध्ये आलं, आणि रंगाचा प्रश्न पेणमध्ये जसा सुटायचा तसा सुटला. ओळखीच्या गणपतीच्या कारखान्यात पितांबराचा पिवळा उरला होता, तो सगळा गाडीवर चढला. उन्हात तिच्याकडे बघवत नसे.

मग त्यांनी तिची वास्तुशांत घातली. गाडीची पूजा नव्हे, वास्तुशांत, होमासकट, कारण पूजा गाडीची करतात आणि हे घर होतं. गुरुजींनी पहिलाच प्रश्न विचारला, आग्नेय कोपरा कुठला? व्याही म्हणाले, "गाडी वळेल तसा." गुरुजींनी पोथी मिटली. बऱ्याच चर्चेनंतर असं ठरलं की गाडीचं तोंड उत्तरेला केलं की शेगडी बरोबर आग्नेयेला येते, तेव्हा वास्तुपुरुष तिथेच खाली डबीत घालून बसवावा. गुरुजी हे त्या दिवसापुरतं बोलले होते. व्याह्यांनी ते जन्माचं धरलं. पुढे गाडी कुठेही उभी करायची तर तोंड उत्तरेला. पेणच्या बाजारात, जिथे सायकल वळत नाही, तिथे ते पुढे-मागे करत राहत आणि रिक्षावाले हॉर्नवर हात ठेवून देवाचं नाव घेत. एकदा जित्याकडच्या वाडीत उत्तर शोधत थांबले, तर बायामाणसं बाह्या वर करून रांगेत उभी राहिली. त्यांना वाटलं रक्त तपासणारी गाडी आली. व्याह्यांनी सगळ्यांना गूळ-पाणी दिलं आणि रिपोर्टचं काहीच न बोलता परत पाठवलं.

हसू नये, कारण युक्ती चालली. दिवेलागणीला विहीणबाई म्हणायच्या, चला घरी. व्याही म्हणायचे, चला. त्या मागे चढायच्या, पुढे बाईमाणसाने बसायचं नाही असं त्यांचं मत होतं. गाडी खाडीकडच्या रस्त्याने मिठागरांपर्यंत जायची आणि वळून परत यायची. तेवढ्यात बाईंना आपली शेगडी दिसायची, आपले डबे, आपली गोधडी, आणि त्या पाय वर घेऊन म्हणायच्या, "आलं बाई घर एकदाचं." रात्री दोघं अंगणात, स्वतःच्या दारासमोर, गाडीत झोपत. दुसऱ्याच्या छपराखाली डोळा न लागणारे व्याही त्या फळीवर घोरत, हे मी स्वतः ऐकलं आहे. कधी ते थेट रोह्याला आमच्या दारी येत. वाटेत दिव्याची वेळ झाली की गाडी जिथे असेल तिथे थांबायची, कारण घरात दिवा लागताना घर हलत नाही. एकदा हायवेवर अशी थांबली. मागे वाहनांची रांग, आणि पोलीस येऊन विचारतो, काका, काय बिघडलंय? व्याही म्हणाले, "बिघडलं काय नाय. घरात दिवा लावतायत." पोलिसाने मागे डोकावून पाहिलं. बाई निरांजनापुढे हात जोडून उभ्या होत्या. "लवकर लावायला सांगा," म्हणून तो निघून गेला.

पण आजार काही थांबला नव्हता. पूर्वी मिठागरांपर्यंत पुरायचं, आता नागोठणं लागे, मग कोलाड. एकदा व्याह्यांनी त्यांना खुद्द निडीला नेलं. भाच्यांनी जुनं घर पाडून तिथे इमारत उभी केलेली. बाई खाली उतरून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे आमचं नाय. आमचं काय झालं?" त्या दिवशी त्या गाडीतही रडत होत्या. व्याह्यांनी मला हे आवाज न चढवता सांगितलं.

आता कडीचं सांगतो. गाडीच्या मागच्या दाराला मूळचं खटक्याचं कुलूप होतं. विहीणबाईंना ते उघडता यायचं नाही. त्या दारावर तळवे आपटायच्या, दमून खाली बसायच्या. व्याह्यांना ते पाहवेना. "घरात कोंडून घातल्यागत वाटतं तिला," ते म्हणाले. "घराला कडी पायजे. कडी असली म्हंजे माणूस आपल्या मर्जीनं आत असतो." आणि त्यांनी स्वतःच्या घराच्या स्वयंपाकघराची पितळी कडी काढून गाडीला आतून बसवली. ती कडी बाईंच्या हाताला जन्माची ठाऊक. नाव गेलं होतं, मुलगा गेला होता, नवरा अधूनमधून जात होता, पण बोटांना कडी आठवत होती. त्या ती लावत, काढत, पुन्हा लावत, आणि शांत होत. कितीतरी दिवस सगळं छान चाललं. मग एका संध्याकाळी रोह्याकडे येताना, खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडी हळू चाललेली असताना, त्यांनी नेहमीसारखी कडी काढली आणि अंगणात पाऊल टाकावं तसं बाहेर पाऊल टाकलं. व्याह्यांना आरशात उघडं दार दिसलं. दिवा लावायला घेतलेली वात बाईंच्या मुठीत होती, ती दवाखान्यात उलगडून काढावी लागली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, बाई वाचल्या, वॉकर धरून चार पावलं टाकू लागल्या. पण पडल्यापासून त्यांच्यातलं जे उरलंसुरलं होतं तेही गेलं. यावेळी जावयाने विचारलं नाही, आणि व्याह्यांनी नाय म्हटलं नाही. दवाखान्याच्या पायरीवर बसून ते मला एवढंच म्हणाले, "मी तिला घर दिलं म्हणून पडली, व्याही. गाडीच ठेवली असती तर बसून ऱ्हायली असती." मी तोंडाला येईल ते बोललो, तुमचा काय दोष वगैरे. त्यांच्या म्हणण्यात खोट काढता येत नव्हती, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. घर हे घरासारखंच असावं, एवढ्या साध्या हट्टापायी माणसाला एवढी शिक्षा होऊ नये.

रोह्याच्या अलीकडे नदीच्या अंगाला अशा माणसांना सांभाळणारी एक छोटी संस्था आहे. विहीणबाई तिथे गेल्या. दुसऱ्या दिवशी संस्थेच्या कुंपणाबाहेर पिवळी गाडी येऊन उभी राहिली, तोंड उत्तरेला. संस्थेच्या लोकांनी आधी हरकत घेतली, मग नळाला पाईप जोडू दिला. जावई येऊन समजावून गेला, मुलगी रडून गेली, मी चिडून गेलो. पेणचं घर बंद आहे, भिंतींना ओल आलीय, आणि हा माणूस रस्त्याकडेला शेगडीवर भात लावतो. कुणी काही म्हटलं की एकच उत्तर, "भेटायची येळ चारची हाय. पेणहून गाडी चुकली तर?" आता मी रोज दुपारी डबा घेऊन जातो. घरी सांगतो, पाय मोकळे करायला जातो.

परवाही गेलो होतो. चार वाजता तिथल्या ताईंनी विहीणबाईंना आणलं. त्या गाडीत येतात पाहुण्या म्हणून. नवऱ्याला त्या आता ओळखत नाहीत, घरालाही नाही. बाकाच्या कडेवर अवघडून बसल्या, पदर सारखा केला, म्हणाल्या, "छान हाय हो घर. लहान पण नीट ठेवलंय." व्याह्यांनी चहा केला. विहीणबाईंनी अर्धा घेतला, अर्धा ठेवला. उठायची वेळ झाली तशी व्याह्यांनी फळीवरून कुंकवाचा करंडा काढला. सवाष्ण घरी आली तर तिला कुंकू लावल्याशिवाय पाठवत नाहीत. ते लावायचं घरच्या बाईने, पुरुषाने नव्हे. म्हणून ते करंडा उघडून नुसता पुढे धरतात आणि मान खाली घालतात. विहीणबाईंनी स्वतःच्या बोटाने स्वतःला कुंकू लावून घेतलं, आणि मग इकडेतिकडे पाहत विचारलं, "घरात बाईमाणूस दिसत नाय?"

"माहेरी गेलीय," व्याही म्हणाले.

"कुठं माहेर?"

"निडीला."

"मंग आमच्याकडचीच की," विहीणबाईंना बरं वाटलं. "येईल हो. काळजी करू नका."

"व्हय. वाट बघतोय."

ताईंनी वॉकर पुढे केला. दारात पोचल्यावर विहीणबाई थांबल्या आणि वळून म्हणाल्या, "आली म्हंजे मी येऊन गेले म्हणून सांगा तिला."

"सांगतो," व्याही म्हणाले, आणि वॉकरचे पाय पायरीवर नीट टेकलेत की नाही ते वाकून पाहू लागले.