मागच्या पडवीतला पिंजरा

आमच्या मागच्या पडवीत झोपाळा आहे आणि त्याच्या शेजारी एक रिकामा पिंजरा टांगलेला आहे. त्यात चार लव्हबर्ड होते. मळ्यातून आलो की मी झोपाळ्यावर बसायचो, ते किलबिलायचे. मी तसा घुम्या माणूस; पण त्यांच्याशी बोलायचो.

पिंजऱ्याची कडी तुटली, तेव्हा मी दार केळीच्या वाळक्या सोपटानं बांधलं. आम्ही तापीकाठचे केळीवाले, सगळं त्यानंच बांधतो. पाखरं ते कुरतडतील, हे सुचलंच नाही. एका दुपारी दार उघडं, पिंजरा रिकामा. बायको रडायला लागली. मी म्हणालो, "मांजरनं काम शे."

ते खोटं मांजर कित्येक वर्षं माझ्या पायात घोटाळत राहिलं. परवा झोपाळ्यावर शेजारी बसलेल्या बायकोला शेवटी सगळं सांगितलं.

तिनं पाय टेकवून झोका थांबवला. "तुमी कसाले जीवले लायी ऱ्हायनात? गाठ तर मी सोडेल व्हती, दाणा टाकाले. मंग बांधानं भुली गऊ."

"मंग तवय काबर नही बोलनी?"

"तुमीनच मांजरनं नाव लिधं. माले बरं वाटनं."

सोपट कुरतडलेलं होतं की नुसतं सुटलेलं, ते मी तेव्हा पाहिलंच नव्हतं. घाईघाईत उकिरड्यावर फेकलं होतं. आता ती खरं बोलली, की माझं ओझं तिनं उचललं? हलकं वाटायला हवं होतं, तर उलट गोंधळलोय. विचारायला तोंड उघडलं, तोवर तिनं झोपाळ्याला पुन्हा रेटा दिला होता.